क्रमांक नको, अंदाज हवा

अमेरिकेतील कॉलेज फुटबॉलचा, म्हणजे अंडाकृती चेंडूने खेळल्या जाणाऱ्या अमेरिकन फुटबॉलचा, अंतिम सामना जानेवारीत होतो आणि त्याच रात्री पुढच्या हंगामातील पहिल्या पंचवीस संघांच्या याद्या बाहेर पडू लागतात. नवा हंगाम ऑगस्टअखेर सुरू होईपर्यंत या याद्यांवर जो वाद चालतो, तो अलीकडे फार उथळ झाला आहे. एक पक्ष म्हणतो की हे अंदाज दरवर्षी आपटतात, तेव्हा ते बंदच करावेत आणि मैदानावर जे घडेल तेवढेच प्रमाण मानावे. दुसरा पक्ष आपले गणिती प्रतिमान पुढे करतो आणि त्याने दिलेल्या दशांश चिन्हापुढील आकड्यांवरही विश्वास ठेवायला सांगतो. माझे मत या दोघांहून निराळे आहे. हंगामापूर्वी संघाचे बळ अजमावणे शक्य आहे, उपयुक्त आहे आणि टाळू म्हटले तरी टाळता येत नाही. मात्र ते बळ एक ते पंचवीस अशा क्रमांकांत मांडणे ही मुळातच चुकीची रीत आहे, आणि तो क्रमांक नंतर पुरावा म्हणून वापरणे हा उघड अन्याय आहे. चूक अंदाज करण्यात नसून त्याला दिलेल्या रूपात आहे.

विरोधकांची बाजू प्रथम नीट मांडली पाहिजे, कारण ती दुबळी नाही. २०२५ च्या हंगामापूर्वी असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने घेतलेल्या क्रीडा पत्रकारांच्या मतदानात टेक्सास विद्यापीठाला इतिहासात प्रथमच हंगामपूर्व पहिला क्रमांक मिळाला. पहिल्याच सामन्यात ओहायो स्टेटने त्यांना १४-७ असे हरवले आणि विजेता ठरवणाऱ्या बारा संघांच्या प्लेऑफमध्येही, म्हणजे अखेरच्या बाद फेरीतही, टेक्सासला जागा मिळाली नाही. दुसऱ्या क्रमांकावरील पेन स्टेट नियमित हंगामाअखेर ६-६ वर, म्हणजे सहा विजय आणि सहा पराभवांवर, राहिली, चौथ्या क्रमांकावरील क्लेम्सन ७-५ वर. अंतिम सामन्यात जे दोन संघ आमनेसामने आले, त्यांपैकी मायामीला ऑगस्टमध्ये दहावा आणि इंडियानाला विसावा क्रमांक मिळाला होता. इंडियानाने सोळाच्या सोळा सामने जिंकून विजेतेपद घेतले. त्याआधीच्या वर्षी फ्लोरिडा स्टेटला हंगामपूर्व दहावा क्रमांक होता. तो संघ दोन सामने जिंकला आणि दहा हरला. १९५० पासून हे हंगामपूर्व मतदान चालत आले आहे आणि एवढ्या काळात ज्या संघाला आधी पहिला क्रमांक दिला तोच शेवटीही पहिला ठरला, असे जेमतेम डझनभर वेळा घडले आहे. हा लेखाजोखा पाहून कोणी म्हणाला की ही यादी करणाऱ्यांना घरी पाठवा, तर त्याला वेड्यात काढता येणार नाही.

तरीही या आकड्यांवरून जो निष्कर्ष काढला जातो तो चुकीचा आहे, आणि का ते पाहण्यासाठी थोडे अंकगणित करावे लागेल. समजा, एका संघाचे बळ आपल्याला अचूक माहीत आहे. तो इतका चांगला आहे की त्याच्या वेळापत्रकातील बारापैकी प्रत्येक सामना जिंकण्याची त्याची शक्यता ७५ टक्के आहे. अशा संघाचे सरासरी नऊ विजय होतील हे खरे, पण निव्वळ योगायोगाने तो सात किंवा त्याहून कमी सामने जिंकण्याची शक्यता सुमारे १६ टक्के निघते, आणि अकरा किंवा बारा जिंकण्याची शक्यताही जवळपास तेवढीच. पहिल्या प्रसंगात प्रशिक्षकाच्या हकालपट्टीची मागणी होईल, दुसऱ्या प्रसंगात त्याचा पगार वाढेल. संघ मात्र एकच असेल. प्रत्येक सामन्यात ९० टक्के शक्यता असलेला प्रबळ संघ घेतला, तरी बारापैकी किमान एक सामना तो हरण्याची शक्यता ७० टक्क्यांच्या पुढे जाते. म्हणजे सर्वज्ञ माणसाने केलेली यादीसुद्धा डिसेंबरमध्ये अनेक ठिकाणी चुकलेली दिसेल. ज्या खेळात वर्षाकाठी बारा नियमित सामने होतात, एका सामन्यात निसटलेल्या दोन-तीन चेंडूंवर निकाल फिरतो आणि १३० हून अधिक संघांपैकी बहुतेकांची एकमेकांशी गाठच पडत नाही, त्या खेळात ‘अंदाज चुकला’ असे म्हणण्यापूर्वी ‘किती चुकणे अपरिहार्य होते?’ हा प्रश्न विचारायला नको का?

उलट बाजूने पाहिले तर ढोबळ अंदाज या खेळात आश्चर्यकारकरीत्या टिकतो. २०१४ ते २०२३ या दहा हंगामांत प्लेऑफमध्ये चारच संघ घेतले जात, म्हणजे एकूण चाळीस जागा होत्या. त्या फक्त पंधरा विद्यापीठांत वाटल्या गेल्या. अलाबामाने आठ, क्लेम्सनने सहा, ओहायो स्टेटने पाच आणि ओक्लाहोमाने चार जागा घेतल्या. म्हणजे निम्म्याहून अधिक जागा या चौघांनीच नेल्या. ज्याला खेळातले फारसे कळत नाही अशा माणसानेही दर ऑगस्टमध्ये हीच नावे सांगितली असती तरी तो बराचसा बरोबर ठरला असता. पैसा, भरतीचे जाळे, मैदाने आणि नामांकित प्रशिक्षक यांचा संचय एका वर्षात उडून जात नाही. अंदाज फसतो तो वरच्या दहा संघांची आपसांतली उतरंड लावताना, कारण तिथे संघांमधले अंतर आपल्या मोजमापाच्या त्रुटीपेक्षा लहान असते. चौथा आणि अकरावा यांत खरे अंतर कदाचित प्रतिसामना तीन गुणांचे असेल आणि आपल्या अंदाजाची त्रुटी सात गुणांची. अशा वेळी एकाला चौथा आणि दुसऱ्याला अकरावा म्हणणे म्हणजे धान्याच्या वखारीतील काट्यावर सोने तोलणे होय.

ही त्रुटी येते कुठून? व्यावसायिक फुटबॉलमध्ये निदान सरावाचे सामने तरी होतात. कॉलेजात तेही नाहीत. वसंत ऋतूतील आपसातला सामना एवढीच काय ती बाहेरच्यांना दिसणारी झलक असे, आणि आता तीही आटत चालली आहे. नेब्रास्काचे प्रशिक्षक मॅट रूल यांनी २०२५ मध्ये आपला असा सामना रद्द केला, कारण चांगला खेळलेला मुलगा इतर विद्यापीठांच्या नजरेत भरतो आणि पळवला जातो. शिवाय खेळाडू अठरा ते बावीस वर्षांचे असतात. या वयात एका उन्हाळ्यात शरीर आणि समज दोन्ही बदलतात. लुइझियाना स्टेटच्या जो बरो या क्वार्टरबॅकने, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूने, २०१८ मध्ये १६ टचडाउन पास (थेट गुण मिळवून देणारे पास) दिले आणि २०१९ मध्ये ६०. कोणते प्रतिमान हे सांगू शकले असते? संघाला त्या वर्षी हंगामपूर्व सहावा क्रमांक होता, म्हणजे अजमावणाऱ्यांनी त्याला कमी लेखले नव्हते. पण पंधरा-शून्य अशी अजिंक्य वाटचाल करणारा संघ आणि सहाव्या क्रमांकाचा संघ यांतील फरक एका मुलाच्या एका उन्हाळ्यात दडलेला होता.

यावर आजचे सर्वांत गंभीर उत्तर असे दिले जाते की हे सगळे जुन्या काळापुरते ठीक होते, आता ट्रान्सफर पोर्टलने, म्हणजे विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंच्या अधिकृत नोंदयादीने, पाया उखडला आहे. हा मुद्दा मला खरोखर वजनदार वाटतो. पोर्टल २०१८ मध्ये सुरू झाले. २०२१ मध्ये एक वर्ष बाहेर न बसता संघ बदलण्याची मुभा मिळाली आणि त्याच वर्षी खेळाडूंना आपल्या नावावर पैसे कमावण्याची परवानगीही मिळाली. २०२४ पासून कितीही वेळा संघ बदलता येतो, आणि २०२५ पासून तर न्यायालयीन तडजोडीनुसार विद्यापीठे खेळाडूंना थेट मोबदला देऊ लागली आहेत. हंगामपूर्व गणिताचे तीन जुने खांब असत: गेल्या काही वर्षांची कामगिरी, गेल्या वर्षीच्या खेळाडूंपैकी परत येणाऱ्यांचा वाटा, आणि शाळेतून भरती केलेल्या मुलांचे तारांकन, म्हणजे गुणवत्तेनुसार त्यांना दिलेले पाचपर्यंतचे तारे. बिल कॉनेली यांच्या एसपी प्लस या प्रसिद्ध प्रतिमानातही घटक हेच आहेत. निम्मा संघ दरवर्षी बाहेरून येणार असेल, तर ‘परत येणारे’ या शब्दांना अर्थ काय उरतो?

अर्थ उरतो, पण तो वेगळ्या ठिकाणी शोधावा लागतो. इंडियानाचेच उदाहरण घ्या, कारण अंदाज अशक्य असल्याचा पुरावा म्हणून तेच सर्वत्र फिरवले जाते. २०२३ मध्ये हा संघ ३-९ होता आणि कॉलेज फुटबॉलच्या इतिहासात सर्वाधिक सामने हरलेल्यांत त्याची गणना होत असे. कर्ट सिग्नेटी प्रशिक्षक म्हणून आले आणि नियमित हंगामात संघ ११-१ झाला. जादू वाटते खरी. परंतु सिग्नेटी ज्या जेम्स मॅडिसन विद्यापीठातून आले, तिथे त्यांचा संघ आदल्या वर्षी नियमित हंगामात ११-१ असाच होता, आणि तिथले डझनभर खेळाडू त्यांनी बरोबर आणले होते. म्हणजे माहिती उपलब्ध होती. ती इंडियानाच्या खात्यात न शोधता जेम्स मॅडिसनच्या खात्यात शोधायला हवी होती. जुन्या रीतीने विद्यापीठाच्या नावाला वजन दिले, माणसांना दिले नाही. पुढे २०२५ मध्ये हेस्मन हा वर्षातील सर्वोत्तम खेळाडूचा करंडक जिंकलेला फर्नांडो मेंडोझा हाही कॅलिफोर्नियाहून आलेला क्वार्टरबॅक होता, आणि शाळेत असताना त्याच्यामागे बड्या विद्यापीठांची रांग लागलेली नव्हती. विजेत्या संघात निम्म्याहून अधिक मुले चार किंवा पाच तारांची असावी लागतात, हा वर्षानुवर्षे खरा ठरलेला ठोकताळा या संघाने मोडला. सतराव्या वर्षी मिळालेल्या तारांपेक्षा विशीतल्या खेळाडूने प्रत्यक्ष सामन्यांत काय केले हा पुरावा मोठा आहे, आणि पोर्टलमुळे असा पुरावा असलेले खेळाडू वाढले आहेत. या अर्थाने पोर्टलने अंदाजाचे काम काही बाबतींत सोपेही केले आहे.

इथे मला स्वतःच्या युक्तिवादाला लगाम घातला पाहिजे. हाच न्याय कोलोराडोला २०२३ मध्ये आणि फ्लोरिडा स्टेटला २०२४ मध्ये लावला, तर हाती काय येते? कोलोराडोचे नवे प्रशिक्षक डिऑन सँडर्स यांनीही जिथून आले तिथे विजयांची रास घातली होती, त्यांनीही मुले बरोबर आणली, पन्नासहून अधिक नवे खेळाडू घेतले, पहिले तीन सामने जिंकले आणि हंगाम ४-८ वर संपवला. फ्लोरिडा स्टेटने क्लेम्सन आणि ओरेगन स्टेटमध्ये भरपूर सामने खेळलेला क्वार्टरबॅक आणला आणि संघ कोसळला. पद्धत तीच, फळ निराळे. परक्या खेळाडूंची मोट बांधली की ती कधी जमते, कधी सुटते, आणि हे ऑगस्टमध्ये बाहेरून दिसत नाही. म्हणून पोर्टलच्या काळात अंदाजाचा मध्यबिंदू काढता आला तरी त्याभोवतीचा पल्ला पूर्वीपेक्षा रुंद झाला आहे, असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होईल. क्रमांक हा पल्लाच झाकून टाकतो. गेल्या वर्षीचेच खेळाडू घेऊन उतरणारा, सरळ आठ-नऊ विजयांचा संघ आणि साठ नव्या मुलांचा, चार विजयही मिळवेल आणि अकराही, असा संघ या दोघांना शेजारशेजारचे क्रमांक मिळतात, आणि वाचकाला ते सारखे वाटतात.

अनिश्चितता सांगण्याची रीत शिकायला आपल्याला फार लांब जायला नको. भारतात मोसमी पावसाचा दीर्घ पल्ल्याचा अंदाज १८८६ पासून दिला जातो. २००२ मध्ये हवामान खात्याने सोळा घटकांच्या प्रतिमानावरून पाऊस सरासरीएवढा होईल असे सांगितले, आणि प्रत्यक्षात तो सरासरीच्या ८१ टक्क्यांवर थांबला. देशात दुष्काळ पडला. तेव्हाही अंदाज बंद करा अशी ओरड झाली. अंदाज बंद झाला नाही; प्रतिमान बदलले, अंदाज टप्प्याटप्प्याने दिला जाऊ लागला, आकड्यापुढे त्रुटीची मर्यादा ठळकपणे आली, आणि पुढे कमी, सरासरीएवढा, जास्त अशा वर्गांच्या शक्यताही छापल्या जाऊ लागल्या. तो आजही चुकतो, पण चुकण्याची शक्यता आधी सांगून चुकतो. शेतकऱ्याच्या पोटाशी निगडित असलेल्या गोष्टीत हे जमते, तर फुटबॉलच्या यादीत का जमू नये?

जमत नाही, याचे कारण यादीचा जन्म अंदाजासाठी झालेलाच नाही. असोसिएटेड प्रेसचे साप्ताहिक मतदान १९३६ च्या हंगामात सुरू झाले ते वृत्तपत्रांना चर्चेचा विषय पुरवण्यासाठी. योगायोग असा की त्याच शरद ऋतूत लिटररी डायजेस्ट या नियतकालिकाने वीस लाखांहून अधिक मतपत्रिका गोळा करून अध्यक्षपदासाठी लँडन निवडून येतील असे भाकीत केले, आणि रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्ये जिंकली. मते पुष्कळ असली तरी ती एकाच बाजूला कललेली असतील, तर संख्येने कल सुधारत नाही. साठेक क्रीडा पत्रकार तेच अहवाल वाचतात, त्याच प्रशिक्षकांच्या पत्रकार परिषदांना बसतात आणि गेल्या जानेवारीत कोण कसे खेळले याची तीच आठवण बाळगतात. त्यांच्या चुका परस्परांना छेद देत नाहीत, एकाच दिशेने साचतात. शेवटच्या सामन्यातील दिमाखदार विजय पुढच्या ऑगस्टपर्यंत डोळ्यांसमोर तरळत राहतो, आणि त्या विजयातील अर्धे खेळाडू निघून गेलेले असतात.

या साचलेल्या चुकीने खरी हानी केल्याचे उदाहरण २००४ चे आहे, आणि विरोधकांचा तो सर्वांत बळकट पुरावा मी निःसंकोच मान्य करतो. त्या हंगामापूर्वी सदर्न कॅलिफोर्निया पहिल्या, ओक्लाहोमा दुसऱ्या आणि ऑबर्न सतराव्या क्रमांकावर होते. तिन्ही संघ अपराजित राहिले. अंतिम सामन्यासाठीचे दोन संघ तेव्हा मतदान आणि संगणकीय क्रमवारी यांच्या मिश्रणातून ठरत, आणि वरचे दोघे हरलेच नाहीत म्हणून खाली उतरलेच नाहीत. ऑबर्नने ऑगस्टमधल्या एका समजुतीची किंमत मोजली. अंतिम सामन्यात ओक्लाहोमाचा ५५-१९ असा धुव्वा उडाला, तेव्हा तर तो अन्याय अधिकच बोचला. असोसिएटेड प्रेसने त्याच हंगामाच्या शेवटी आपले मतदान त्या पद्धतीतून काढून घेतले, हे योग्यच झाले. पण या प्रकरणातून काय सिद्ध होते? आधी केलेला अंदाज नंतरच्या न्यायनिवाड्यात वापरू नये, एवढेच. आरोपीविषयीचा पूर्वग्रह न्यायाधीशाने बाजूला ठेवावा म्हणून पोलिसांनी तपासच करू नये, असे कोणी म्हणत नाही.

‘मैदानावरचे तेवढेच खरे’ म्हणणाऱ्यांची अडचण इथूनच सुरू होते. सप्टेंबरच्या आरंभीच्या विजयाचे मोल प्रतिस्पर्धी किती बलवान होता यावर ठरते, आणि प्रतिस्पर्ध्याचे बळ तेव्हा कुठल्या तरी पूर्व अंदाजाशिवाय कळूच शकत नाही. २०२५ च्या पहिल्या आठवड्यात फ्लोरिडा स्टेटने आठव्या क्रमांकाच्या अलाबामाला ३१-१७ असे हरवले. केवळ मैदान पाहणाऱ्यांनी लगोलग फ्लोरिडा स्टेटचे पुनरुत्थान जाहीर केले, काही आठवड्यांत तो संघ पहिल्या दहांत जाऊन बसला. हंगाम संपला तेव्हा तो ५-७ होता, आणि अलाबामा प्लेऑफच्या उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोहोचली होती. ऑगस्टमधला अंदाज त्या एका संध्याकाळच्या निकालापेक्षा सत्याच्या जवळ होता. इतकेच कशाला, २०२३ मध्ये तेरा सदस्यांच्या निवड समितीने तेरापैकी तेरा सामने जिंकलेल्या फ्लोरिडा स्टेटला वगळून एक सामना हरलेल्या अलाबामाला घेतले, कारण जॉर्डन ट्रॅव्हिस हा क्वार्टरबॅक जायबंदी झाला होता. तो निर्णय मला तेव्हाही पटला नव्हता. जिंकलेल्या सामन्यांपुढे संभाव्य पराभवाला महत्त्व देणे मला गैर वाटते. पण वर्षाअखेर, सगळे सामने समोर असतानाही, समितीने अखेर भविष्याचाच अंदाज केला. मग अंदाज नाकारून आपण कुठे जाणार आहोत?

क्रमांकाचा आणखी एक दुष्परिणाम कमी बोलला जातो: तो वचन बनतो. पेन स्टेटचे जेम्स फ्रँकलिन यांनी जानेवारी २०२५ मध्ये संघाला उपांत्य फेरीत नेले होते. ऑगस्टमध्ये दुसरा क्रमांक मिळाला, पहिले तीन सामने जिंकले, पुढचे तीन लागोपाठ हरले आणि ऑक्टोबरच्या मध्यापूर्वी त्यांना काढून टाकण्यात आले. करारानुसार तेव्हा सुमारे ४.९ कोटी डॉलर देय होते. त्या तीनपैकी एक पराभव दुसऱ्या जादा डावात झाला, एक एका गुणाने. हाच संघ ऑगस्टमध्ये ‘आठ ते अकरा विजय, बड्या संघांविरुद्ध शंका’ असा वर्णिला गेला असता, तर विश्वस्तांनी निदान नोव्हेंबरपर्यंत वाट पाहिली असती का? खात्रीने सांगता येणार नाही, पण अपेक्षेचा फुगा इतका मोठा नसता. याउलट २०२१ मध्ये नेब्रास्का नऊ सामने हरली आणि प्रत्येक वेळी नऊ किंवा त्याहून कमी गुणांनी. असा संघ पुढच्या वर्षी सुधारतो, हा तर्क शास्त्रशुद्ध होता आणि अनेकांनी तो मांडला. पुढचा हंगाम ४-८ झाला आणि प्रशिक्षक स्कॉट फ्रॉस्ट तिसऱ्या सामन्यानंतर गेले. चांगला तर्कही हरू शकतो, आणि हरला म्हणून तो वाईट तर्क होता असे ठरत नाही.

तेव्हा करायचे ते काम आटोपशीर आहे. पत्रकारांचे मतदान ऑक्टोबरच्या आरंभी सुरू करावे, ही सूचना नवी नाही आणि ती मान्य करायला हरकत नसावी. निवड समिती आपली पहिली क्रमवारी नोव्हेंबरच्या सुमारास देतेच, तिच्या कामात त्याने खोळंबा होत नाही. ऑगस्टमध्ये क्रमांकांऐवजी गट द्यावेत, प्रत्येक संघापुढे संभाव्य विजयांचा पल्ला द्यावा आणि तो रुंद का आहे हे एका ओळीत लिहावे: नवा क्वार्टरबॅक, नवा प्रशिक्षक, पोर्टलमधून आलेले इतके खेळाडू. ज्यांची मतपत्रिका आज नावानिशी सार्वजनिक असते, त्या पत्रकारांसाठी आणि ज्यांची प्रतिमाने विकली जातात त्या वाहिन्यांसाठी एक नियमही असावा. दर जानेवारीत आपले ऑगस्टमधले पल्ले आणि प्रत्यक्ष निकाल शेजारशेजार छापावेत: दहापैकी आठ वेळा खरा ठरेल म्हणून दिलेला पल्ला खरोखर आठ वेळा खरा ठरला की पाचच वेळा, हे वाचकाला दिसू द्यावे, आणि ते छापल्याशिवाय पुढच्या हंगामाची यादी कोणाकडूनही स्वीकारू नये.